आजचं मनन : शिलोच्या दाराशी काय घडलं आणि लोकांनी काय केलं

शास्त्रवाचन : १ शमुवेल २:१२–३६ आणि ३:१०–१८
सोबत वाचावं : अनुवाद २२:२५–२७, स्तोत्र १०५:१२–१५, १ तीमथ्य ५:१९–२१



लहान शमुवेलाची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना संडे स्कूलपासून पाठ आहे. रात्री हाक येते, पोरगं उठून एलीकडे धावतं, असं तीनदा होतं, मग एलीच्या लक्षात येतं की हाक देवाची आहे. गोष्ट सहसा इथेच संपवतात. पण देवाने त्या रात्री शमुवेलाला नेमकं काय सांगितलं? तो निरोप गोड नव्हता. तो निरोप होता देवाच्या घरात चाललेल्या अत्याचाराबद्दल, आणि तो माहीत असून थांबवला नाही त्या माणसाबद्दल.

आज तोच भाग वाचू. विषय जड आहे, पण पवित्र शास्त्र तो टाळत नाही, मग आपण का टाळावा?

शास्त्रभाग काय सांगतो

हफनी आणि फिनहास हे एलीचे मुलगे, शिलोचे याजक. २:१३–१६ मध्ये ते अर्पणाच्या मांसात हात घालतात. एखादा साधा उपासक म्हणतो, आधी चरबी देवासाठी जळू द्या, मग हवं तेवढं घ्या. त्याला उत्तर मिळतं की आत्ताच दे, नाहीतर ओढून घेऊ. म्हणजे पहिला आक्षेप एका सामान्य माणसाने घेतला होता, आणि तो दमदाटीने गप्प केला गेला. ही सुरुवात लक्षात ठेवा. जो मांसाच्या तुकड्यावरून धमकावतो आणि त्याला कोणी अडवत नाही, तो तिथेच थांबत नाही.

२:२२ मध्ये पुढची पायरी येते. दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी हे दोघे कुकर्म करत होते. त्या स्त्रिया तिथे देवाच्या सेवेसाठी होत्या. त्यांची नावं लिहिलेली नाहीत, त्यांचा एक शब्दही नोंदलेला नाही. तिथे याजकाला नाही म्हणणं म्हणजे देवाच्या घराला नाही म्हणण्यासारखं वाटलं असेल. म्हणून याला ‘दोघांचं पाप’ म्हणता येत नाही. एकाच्या हातात वेदी आहे, दुसरीच्या हातात काही नाही.

आता एलीकडे पाहा. २:२३–२४ मध्ये तो मुलांना सांगतो की तुमच्याबद्दल सगळ्या लोकांकडून ऐकतोय. ‘सगळ्या लोकांकडून’ हे महत्त्वाचं. म्हणजे गावभर माहीत होतं. लोक बोलत होते, पण आपापसात. एली रागावतो, समजावतो, आणि दोघांना त्याच जागेवर राहू देतो. ४:१८ सांगतं की या माणसाने ४० वर्षं इस्राएलाचा न्याय केला. लोकांची भांडणं सोडवणाऱ्याला स्वतःच्या घरचा निवाडा जमला नाही. देवाचा आरोपही नेमका तोच आहे. ३:१३ मध्ये देव म्हणतो की याला माहीत होतं आणि याने त्यांना आवरलं नाही. २:२९ मध्ये कारणही दिलंय : देवापेक्षा मुलांचा मान मोठा झाला.

आणि लोक? चौथ्या अध्यायात पलिष्ट्यांशी लढाई होते तेव्हा लोक कराराचा कोश छावणीत आणतात. सोबत कोण? हफनी आणि फिनहास. लोक इतका मोठा जयघोष करतात की जमीन दणाणते. दाराशी काय चाललंय हे ज्यांना माहीत होतं, त्यांच्यातलेच हे लोक. आणि त्याच लढाईत ३०,००० पायदळ पडलं. उत्साही उपासना ही देव प्रसन्न असल्याची खूण असतेच असं नाही, हे शास्त्राने इथे रक्ताने लिहून ठेवलंय.

ही गोष्ट जुनी नाही

मुंबईत २०१५ मध्ये एका कॅथलिक कुटुंबाच्या १३ वर्षांच्या मुलावर त्यांच्याच चर्चच्या धर्मगुरूने लैंगिक अत्याचार केला. मी इथे चर्चचं आणि धर्मगुरूचं नाव लिहीत नाही, कारण त्यावरून मुलाची ओळख पटू शकते आणि पोक्सो कायद्याचं कलम २३ तेच टाळायला सांगतं. आई मुंबईचे कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशियस यांच्याकडे गेली. ते त्याच रात्री रोमला निघणार होते. त्यांनी प्रार्थना केली आणि गेले. पोलिसांकडे कुटुंब स्वतःच गेलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये बीबीसीशी बोलताना कार्डिनलनी मान्य केलं की हे प्रकरण अधिक चांगल्या रीतीने हाताळता आलं असतं. त्याच महिन्यात व्हॅटिकनमध्ये मुलांच्या संरक्षणावर जी परिषद झाली, तिच्या आयोजकांपैकी ते एक होते.

डिसेंबर २०२१ मध्ये विशेष पोक्सो न्यायालयाने त्या धर्मगुरूला जन्मठेप सुनावली. घटनेपासून सहा वर्षांनी.

मला सगळ्यात जास्त लागलं ते मधल्या वर्षांत मंडळीने केलं ते. आईने सांगितलं की तक्रार केल्यावर लोक बोलेनासे झाले. मिस्साला ती कोणाच्या शेजारी बसली तर तो माणूस उठून दुसरीकडे जायचा. शेवटी कुटुंबाने ते चर्च सोडलं, आणि मग राहतं घरही सोडलं.

जरा थांबून विचार करा. जो माणूस बाकावरून उठला त्याने गुन्हा केला नव्हता. तो कदाचित रोज जपमाळ म्हणणारा, गरिबाला जेवू घालणारा असेल. पण त्या मुलाला एक जखम धर्मगुरूने दिली आणि दुसरी रिकाम्या झालेल्या बाकाने.

आपण प्रॉटेस्टंट लोक इथे ‘ते कॅथलिक’ म्हणून सुटू शकत नाही. चेन्नईत जन्मलेले रवी झकारायस यांची व्याख्यानं आपल्या घराघरांत ऐकली गेली. २०१७ मध्ये एका विवाहित स्त्रीचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा त्यांनी तिच्यावर आणि तिच्या नवऱ्यावरच खटला भरला होता, आणि जगभरच्या विश्वासणाऱ्यांनी त्यांच्यावरच विश्वास ठेवला. मे २०२० मध्ये ते वारले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांचा अहवाल आला : अनेक स्त्रियांशी लैंगिक गैरवर्तन झालं होतं. संस्थेला त्या स्त्रीची जाहीर माफी मागावी लागली.

आणि आपल्याकडचा ‘बुवाबाजी’ हा शब्द आपण फक्त दुसऱ्यांसाठी राखून ठेवतो, तेही बरोबर नाही. आसाराम प्रकरणातली मुलगी नागपूरच्या पलीकडे छिंदवाड्याच्या गुरुकुलात शिकत होती, आणि तिचे आईवडील स्वतः त्यांचे भक्त होते. जोधपूरच्या न्यायालयाने २५ एप्रिल २०१८ ला जन्मठेप दिली, पण तोवर साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे जीव गेले. त्याही आधी, मुंबईत १८६२ चा महाराज बदनामी खटला घ्या. करसनदास मूळजींनी आपल्या पत्रात वैष्णव महाराजांच्या अनाचारावर लिहिलं, जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला. तेव्हा भाटिया जातीच्या पुढाऱ्यांनी सभा घेऊन ठरवलं की महाराजांविरुद्ध कोणी साक्ष द्यायची नाही, दिली तर जातीबाहेर. तरी लोक उभे राहिले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी न्यायालयात साक्ष दिली आणि निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. धर्म वेगळा, काळ वेगळा, पण समाजाची पहिली प्रतिक्रिया तीच : बोलणाऱ्याला बाहेर काढा.

आपण असं का वागतो?

मला यामागे निव्वळ दुष्टपणा दिसत नाही. तीन गोष्टी दिसतात.

पहिली, त्या माणसात आपल्या आयुष्याचा एक तुकडा अडकलेला असतो. त्याने आपला बाप्तिस्मा केला, आपलं लग्न लावलं, बाबांना मूठमाती देताना तोच कबरीशी उभा होता. त्याच्याबद्दल वाईट खरं मानलं तर आपल्या आठवणींचं काय करायचं? त्यापेक्षा ती पोरगी खोटं बोलते हे मानणं सोपं जातं. पण देवाची कृपा आपल्याला देवाकडून मिळाली. पाळकाच्या पापाने आपला बाप्तिस्मा पुसला जात नाही. हे नीट समजलं की खरं ऐकायचं बळ येतं.

दुसरी, भीती. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ख्रिस्ती कुटुंबं थोडी. दिग्रस, पुसद, वणीसारख्या ठिकाणी मंडळी म्हणजे सगळे एकमेकांचे ओळखीचे, निम्मे नात्यातले. बाहेर कळलं तर लोक काय म्हणतील? आधीच आपल्याबद्दल काय काय बोलतात! ही भीती खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. पण शिलोत देवाने स्वतःच्या नावाची बदनामी होईल म्हणून गोष्ट झाकली नाही. उलट ती लिहून ठेवायला लावली, तीन हजार वर्षं सगळ्या जगाने वाचावी म्हणून. ज्या देवाला स्वतःच्या घराची लाज झाकायची नाही, त्याच्या नावाने आपण का झाकतो?

तिसरी, अडलेली कामं. लग्नाचा दाखला, शाळेच्या प्रवेशाला पत्र, कब्रस्तानातली जागा, हे सगळं एका माणसाच्या सहीवर असेल तर कोण बोलणार? शिलोतही मांस वाटणारा आणि अत्याचार करणारा हात एकच होता. म्हणून एका हातात सगळी सत्ता न ठेवणं हासुद्धा पावित्र्याचाच भाग आहे.

चुकीच्या जागी वापरलेली चार वचनं

अशा वेळी शास्त्रच ढाल म्हणून पुढे केलं जातं. म्हणून ही चार वचनं संदर्भासह तपासू.

एक, स्तोत्र १०५:१५. देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका, म्हणून पाळकाविरुद्ध बोलू नका, असं सांगतात. १२ व्या ओवीपासून वाचा. तिथे ‘अभिषिक्त’ म्हणजे मूठभर, परके, देशोदेशी भटकणारे कुलपिते, आणि देव धमकावतोय ते बलाढ्य राजांना. यामागे उत्पत्ती २० ची घटना आहे : अबीमलेख राजाने साराला आपल्या घरी नेलं आणि देवाने त्याला तिला स्पर्श करू दिला नाही. म्हणजे हे वचन मुळात सत्तावानाच्या हातापासून दुबळ्यांना, एका स्त्रीला वाचवणारं आहे. ते सत्तावानाच्या बचावाला वापरणं म्हणजे वचन उलटं टांगणं.

दोन, १ तीमथ्य ५:१९. दोन-तीन साक्षीदारांशिवाय वडिलांविरुद्ध आरोप ऐकू नये. बरोबर. पण २० व्या आणि २१ व्या ओवीपर्यंत जा : पाप करणाऱ्याला सगळ्यांसमोर दोष दाखवायचा आणि कोणाची भीडभाड ठेवायची नाही. शिवाय बंद खोलीतल्या गुन्ह्याला साक्षीदार कुठून येणार? अनुवाद २२:२५–२७ मध्ये नियमशास्त्राने हा प्रश्न सोडवलाय. शेतात एकट्या सापडलेल्या मुलीने ओरडा केला तरी ऐकणारं कोणी नव्हतं, म्हणून तिच्यावर दोष नाही, आणि हा गुन्हा खुनासारखा धरायचा. तिथे तिच्याकडे साक्षीदार मागितलेले नाहीत.

तीन, मत्तय १८:१५. आधी एकांतात त्या भावाकडे जा. हे भावाभावातल्या अपराधाबद्दल आहे. ज्याने लेकराला एकांतात गाठलं, त्याच्याकडे त्याच लेकराला पुन्हा एकांतात पाठवायचं? याच अध्यायात, ६ व्या ओवीत, प्रभू लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याबद्दल बोलतो. ती ओवी आधी येते.

चार, १ करिंथ ६. विश्वासणाऱ्यांनी कोर्टात जाऊ नये. पौल तिथे क्षुल्लक व्यवहारांच्या भांडणाबद्दल बोलतोय. लैंगिक पापाबद्दल तो आदल्याच, पाचव्या अध्यायात बोलला आहे, आणि तिथे तो मंडळीला ‘मिटवून घ्या’ सांगत नाही, त्या माणसाला दूर करा सांगतो. आणि गुन्ह्याला शिक्षा देण्याचा अधिकार सरकारला देवानेच दिलाय, रोमकरांस १३:१–४.

मग काय करायचं?

कोणी विचारेल, आरोप खोटा असला तर? प्रश्न रास्त आहे. अनुवाद १९:१६–१९ मध्ये खोट्या साक्षीचा विचार केलाय, आणि तिथला उपाय आहे कसून चौकशी. चौकशी दाबणं हा उपाय कुठेच नाही. दोषी कोण हे ठरवणं आपलं काम नाही. बोलणाऱ्याला शिक्षा न देणं मात्र आपलंच काम आहे.

१. लेकरू किंवा बाई काही सांगत असेल तर पूर्ण ऐका. ‘तू तिथे गेलीसच कशाला’, ‘आधी का नाही सांगितलं’ हे प्रश्न गिळून टाका. शमुवेलसुद्धा एलीला सांगायला घाबरला होता (३:१५), तेही निरोप देवाचा असताना.

२. मूल १८ वर्षांखालचं असेल तर पोलिसांना कळवणं हा ऐच्छिक मामला नाही. पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, मुलगा-मुलगी दोघांनाही. कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं किंवा शंका आली त्याने पोलिसांना कळवायचं. कलम २१ प्रमाणे न कळवणं हाच गुन्हा, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद. अत्याचार करणारा धार्मिक संस्थेतला असेल तर कायदा गुन्हा अधिक गंभीर मानतो. चाइल्डलाइनचा नंबर १०९८, घरातल्या फ्रीजवर लावून ठेवा. मंडळीच्या कमिटीची बैठक पोलिसांना कळवल्यानंतर घ्या, आधी नको.

३. चौकशी होईपर्यंत त्या व्यक्तीला वेदी, संडे स्कूल, शिबिरं, घरभेटी या सगळ्यांपासून बाजूला ठेवा. दुसऱ्या गावच्या मंडळीत बदली करणं म्हणजे लांडगा दुसऱ्या मेंढवाड्यात सोडणं.

४. त्या कुटुंबाच्या घरी जा. डबा न्या. रविवारी त्यांच्याच बाकावर बसा. मोठं काही बोलायची गरज नाही.

५. घडण्याआधीच नियम लावा. मुलांसोबत कोणीही मोठा माणूस एकटा नको, समुपदेशन दिसेल अशा जागी, शिबिरात मुलांच्या खोलीत दोन जबाबदार माणसं. आम्ही ऑफिसमध्ये कितीही विश्वासू माणूस असला तरी त्याचं काम दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. त्यात त्याचा अपमान नसतो. चांगल्या पाळकाला या नियमांचं ओझं वाटणार नाही, उलट त्याचं रक्षणच होईल.

आपले बहुतेक पाळक तुटपुंज्या मानधनावर, खेड्यापाड्यांतून फिरत प्रामाणिक सेवा करतात. यवतमाळला १९५३ पासून पुढे तीस वर्षं युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, मग ती पुण्याला गेली. कितीतरी सेवक या मातीत घडले. त्यांचा मान राखायचा असेल तर त्यांच्या आड लपणाऱ्याला उघडं करावंच लागेल.

शेवटचा मुद्दा

शिलोत देवाने निरोप कोणाला दिला? मोठ्या याजकाला नाही, वडीलधाऱ्यांना नाही. दिला त्या घरातल्या सर्वात लहान माणसाला. आणि एलीच्या आयुष्यातला एक चांगला क्षण ३:१७–१८ मध्ये आहे : तो पोराला म्हणतो, काही लपवू नकोस, सगळं सांग. ऐकल्यावर तो पोराला खोटं पाडत नाही, हे देवाचं आहे असं मानतो. तेव्हा फार उशीर झाला होता. आपल्या मंडळीत तो क्षण लवकर यावा.

मननासाठी :
• आपल्या मंडळीत मुलाने काही सांगायचं ठरवलं तर ते कोणाकडे जाईल? ती व्यक्ती पाळकाच्या घरातली आहे का?
• तक्रार केल्यामुळे मंडळी सोडून गेलेलं एखादं कुटुंब आपल्याला माहीत आहे का? या आठवड्यात त्यांना फोन करता येईल का?

प्रार्थना : हे प्रभू, दर्शनमंडपाच्या दाराशी उभ्या असलेल्या त्या निनावी स्त्रियांची नावं तुला माहीत आहेत. आज ज्या लेकरांना तुझ्या घरात इजा झाली त्यांना तू जवळ घे. ज्यांनी बोलायचं धाडस केलं त्यांना एकटं पडू देऊ नकोस. आमच्या कानांना ऐकायला शिकव, आणि माणसाच्या भिडेपेक्षा तुझं भय आमच्यात मोठं कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.